ताटावरून बोर्डिंग सोडावं लागलं, त्याच गड्याने साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली

लग्नाला गेलं, पंगत बसायला लागली, की माणूस सगळ्यात आधी काय बघतो? शेजारी कोण बसलंय ते. ओळखीचं कुणी दिसलं की तिकडं सरकायचं, नाहीतर मोबाईल काढून खाली मान घालायची. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तेच, कॉलेजच्या कट्ट्यावर तेच. कुणाच्या डब्यातलं खायचं, कुणाच्या घरी चहा घ्यायचा, कुणाला दारातूनच वाटेला लावायचं, असले निर्णय आपण दिवसभर घेत असतो आणि ते घेतल्याचं कळतही नाही. वळणच पडलेलं असतं तसं.

शंभर वर्षांपूर्वी हे वळण जात पाडायची. विहिरीवर कुणी आधी पाणी भरायचं, शाळेत कुणी आत बसायचं आणि कुणी उंबऱ्याबाहेर, कुणाच्या हातचं खायचं, सगळं ठरलेलं. हे मोडायला पाहिजे, अशी भाषणं तेव्हाही भरपूर व्हायची. भाषण संपलं की ऐकणारा घरी जायचा आणि आपल्या ठरलेल्या ताटावर बसायचा.

साताऱ्यात एका माणसाने भाषणाऐवजी थेट ताटालाच हात घातला. त्यांचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. लोक त्यांना कर्मवीर म्हणतात आणि संस्थेतली माणसं अण्णा म्हणतात.

सातारा-सांगलीकडच्या पोरांना भाऊरावांचा फोटो नवा नाही. रयतच्या प्रत्येक शाळेत तो असतोच. पांढरीशुभ्र लांब दाढी, अंगावर खादी, चेहरा एखाद्या साधूसारखा शांत. पण फोटोवर जाऊ नका. हा माणूस भयंकर तापट होता. हट्टी तर इतका, की त्या हट्टापायी घरदार, नोकऱ्या आणि बायकोचं सोनं, सगळं पणाला लागलं. भाऊरावांची गोष्ट समजून घ्यायची तर हा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

२२ सप्टेंबर १८८७ ला कोल्हापूरजवळच्या कुंभोजमध्ये, म्हणजे आजोळी, त्यांचा जन्म झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. घराणं जैन, शेतकरी. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, त्यामुळे बदल्या होत राहायच्या आणि पोराच्या शाळाही बदलत राहायच्या. दहिवडी, विटा अशी गावं करत शिक्षण चाललं होतं. अभ्यासात हुशार वगैरे मुळीच नव्हते. त्यांचा जीव रमायचा तालमीत आणि गावभर फिरण्यात. लहानपणी कधीतरी विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे बघून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी एक आठवण सांगितली जाते.

पुढं शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवलं. राहायची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली.

इथं कोल्हापूरच्या बोर्डिंगांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी हेरलं होतं, की खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर शाळेच्या आधी राहायला आणि खायला जागा लागते. म्हणून १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं. जातीनिहाय का? कारण तेव्हा आपल्या जातीच्या पोरांसाठी माणूस खिशात हात घालत होता, दुसऱ्याच्या पोरासाठी घालत नव्हता. महाराजांनी माणसाचा स्वभाव आहे तसा धरला आणि त्यातूनच काम काढून घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं.

भाऊराव त्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आले.

परत आल्यावर प्रश्न उभा राहिला. अस्पृश्यांच्यात जाऊन आलायस, तर आंघोळ कर आणि मगच जेवायला बस, असा बोर्डिंगचा आग्रह. आता विचार केला तर किती साधी गोष्ट होती. चार तांबे पाणी अंगावर ओतलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, कारण पोटात भूक होती आणि डोक्यावरचं छप्पर बोर्डिंगचं होतं. भाऊराव अडून बसले. आंघोळ करणार नाही म्हणजे नाही. शेवटी बोर्डिंग सुटलं.

या बोर्डिंगचा कारभार तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत गेलं आणि थांबलं. मॅट्रिकसुद्धा नाही. लग्न झालं कुंभोजच्याच एका सधन पाटील घराण्यातल्या आदाक्कांशी, सासरचं नाव लक्ष्मीबाई. येताना त्या अंगावर भरपूर सोनं घेऊन आल्या. नवरा मात्र काहीच कमावत नव्हता. घरात टोमणे सुरू झाले तसे भाऊराव साताऱ्याला आले आणि शिकवण्या घ्यायला लागले. सहावीत अडकलेला माणूस दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होता, आणि शिकवण्या चांगल्या चालल्यासुद्धा. सातारकर त्यांना पाटील मास्तर म्हणायला लागले. याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आसपास, सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी सोबत्यांना घेऊन सगळ्या जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. पुढं जे काही झालं त्याची पहिली ठिणगी या दुधगावातली.

मग १९१४ साल उजाडलं आणि कोल्हापुरात डांबर प्रकरण घडलं. इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संस्थानात खळबळ उडाली, साहेबाला कुणीतरी गुन्हेगार दाखवणं भाग होतं. संशय लठ्ठ्यांवर ढकलला गेला. दरबारात त्यांचे विरोधक होते, त्यांना ही आयती संधी होती. फक्त साक्षीदार पाहिजे होता.

साक्षीदार म्हणून भाऊरावांना धरलं.

त्यांच्या जागेवर स्वतःला ठेवून बघा. समोरचा माणूस तो, ज्याच्या बोर्डिंगातून तुम्हाला बाहेर पडावं लागलं. त्याच्याविरुद्ध एक खोटी साक्ष द्यायची. दिली तर सुटका, नाही दिली तर हाल. जुना राग काढायला याहून सोपी वेळ येत नाही. आपण रोजच्या आयुष्यात यापेक्षा कितीतरी लहान गोष्टींत जुने हिशोब चुकते करतो. भावाने वाटणीत बांध सरकवला म्हणून त्याच्या पोरीच्या लग्नाला जात नाही, दहा वर्षांपूर्वीचा शब्द आठवून आज कुणाचं काम अडवतो.

भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. मग त्यांनाच खोट्या आरोपात अडकवून तुरुंगात टाकलं. तिथं छळ झाला. तो इतका असह्य झाला, की त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले, पुढं सुटलेही, पण लठ्ठ्यांविरुद्ध एक अक्षर बोलले नाहीत.

हे सगळं ज्या शाहू महाराजांच्या राज्यात झालं, त्यांच्याबद्दलही त्यांनी मनात अढी धरली नाही. दहा-बारा वर्षांनी साताऱ्याच्या आपल्या बोर्डिंगला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाहू महाराजांचंच नाव दिलं. तापट माणसं डूख धरतात असा आपला समज असतो. भाऊरावांचा राग मात्र गोष्टीवर यायचा. माणसावर आलाच तर तो फार दिवस टिकायचा नाही.

तुरुंगातून सुटल्यावर पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. भाऊराव फिरते विक्रेते झाले. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काचेच्या मालासाठी फिरले आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. त्यांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. पण खरं तर माणसं कशी वागतात याचं शिक्षण त्यांना इथंच मिळालं असणार.

कारण लोखंडी नांगर विकणं म्हणजे खायचं काम नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये पहिला नांगर बनवला तेव्हा तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बाप, आजा, पणजा लाकडी नांगर धरत आले, मग हे लोखंड कशाला? कागदावर कितीही फायदा दाखवा, शेतकरी मान डोलवायचा आणि घरी जायचा. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तोवर चित्र पालटायला लागलं होतं, ते शेजाऱ्याच्या रानात नांगर चाललेला लोकांनी डोळ्यांनी बघितला म्हणून. शेजाऱ्याचं पीक दिसलं की समजूत आपोआप ढिली होते.

भाऊराव असे रानारानातून फिरले. रात्री शेतकऱ्याच्या घरी मुक्काम, त्याच्याच पितळीत भाकरी. या फिरण्यात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. गावोगाव हुशार पोरं ढोरांमागे फिरतायत. आणि माणूस ऐकून बदलत नाही, बघून आणि करून बदलतो.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कराडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सत्यशोधक चळवळीचं वारं तेव्हा या भागात जोरात होतं आणि भाऊराव त्यातलेच. पुढं वाळव्यातल्या नेर्ल्यातही वसतिगृह निघालं. आज नेर्ले सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा ते साताऱ्यातच होतं. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं जुन्या सातारा जिल्ह्यातच होतं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचा सांगली जिल्हा झाला. त्यामुळे भाऊराव आमचे की तुमचे, हे भांडण सातारकर आणि सांगलीकरांनी घालण्यात अर्थ नाही.

मध्येच कूपर प्रकरण झालं. साताऱ्याचे धनजीशा कूपर हे मोठं प्रस्थ. भाऊरावांनी त्यांना नांगराच्या कारखान्यात उतरायला लावलं, सातारा रोडचा कारखाना उभा राहिला, भाऊरावांनी जीव ओतून काम केलं. बोली अशी होती, की नफ्यातला वाटा शिक्षणाच्या कामाला मिळेल. कारखाना चालायला लागला आणि शब्द फिरला. भाऊराव भडकले आणि चांगल्या पगाराच्या नोकरीला लाथ मारून बाहेर पडले. घरी काय शिजणार याचा विचार केला नाही. तो विचार नेहमीप्रमाणे लक्ष्मीबाईंनी करायचा होता.

१९२४ मध्ये संस्थेचं बस्तान साताऱ्यात हललं आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, धनगर, ज्याला शिकायचंय आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो आत. शाहू महाराजांनी जातीजातींची वेगळी घरं बांधून पोरं शाळेपर्यंत आणली होती. भाऊरावांनी मधल्या भिंती काढल्या.

बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला वेगळ्या जातीचा आचारी नाही. पोरांच्या पाळ्या लावलेल्या. आज पीठ मळायला हा, उद्या तो. पाणी भरायचं, धुणी धुवायची, आवार झाडायचं, रानात राबायचं, सगळं सगळ्यांनी करायचं. एकाच पातेल्यातली आमटी आणि एकाच दुरडीतली भाकरी. घरी ज्या पोराला सांगितलं होतं की अमक्याच्या सावलीला जाऊ नको, त्या पोराला सकाळी त्याच अमक्याबरोबर पाण्याची घागर धरावी लागायची. भूक लागलेली असायची आणि आजची भाकरी त्याच्याच हातची. पहिल्या दिवशी घास घशात अडकत असेल. पण महिनाभर रोज अडकत नाही. आणि एकदा दोघांनी मिळून विहिरीची माती उपसली, एकमेकांचे फोड बघितले, की तिसऱ्या महिन्यात जात आठवायलाही मुद्दाम वेळ काढावा लागतो.

हे पुढं जगभर अभ्यासाचा विषय झालं. १९५४ मध्ये अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. दोन गटांतली तेढ नुसतं जवळ राहून जात नाही, असं त्याचं म्हणणं. दर्जा समान पाहिजे, काम सामायिक पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीनेच होणारं पाहिजे आणि वरच्या माणसाचा त्याला पाठिंबा पाहिजे, तर फरक पडतो. त्याच वर्षी मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमाच्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या पोरांचे दोन गट करून स्पर्धा लावली. पोरं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी. मग पाण्याची टाकी बंद पडली, जेवण आणणारा ट्रक अडकला, अशा अडचणी मुद्दाम तयार केल्या, ज्या दोन्ही गटांनी मिळूनच सोडवाव्या लागतील. तेव्हा कुठं पोरं मवाळ झाली.

साताऱ्यात अडचणी मुद्दाम तयार करायची गरजच नव्हती. धान्य कायमच कमी असायचं.

ते धान्य मिळवायला भाऊरावांनी एक साधी युक्ती वापरली, तिला मुष्टिफंड म्हणायचे. घरातल्या बाईने रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायचं. एकदम पायलीभर मागितली तर घरात भांडण होईल, पण मूठभर कुणाला जड जात नाही. शिवाय रोज मूठ काढताना त्या बाईला रोज ती पोरं आठवणार, म्हणजे पोरं तिचीच झाली. कुठल्याही मार्केटिंगच्या वर्गात न बसलेल्या माणसाला हे सुचलं होतं.

तरी मुठीने भागायचं नाही. आणि इथं लक्ष्मीबाईंची गोष्ट येते.

सधन आणि सोवळ्यातल्या घरातून आलेली ही बाई. तिला कुणी विचारलं नव्हतं, की तुझ्या चुलीवर सगळ्या जातींची पोरं जेवणार आहेत, चालेल का? निर्णय नवऱ्याचा होता. निभावायचा मात्र हिला होता, आणि तोही रोज दोन वेळा. भाऊरावांचा एखादा निर्णय रागाच्या एका झटक्यात व्हायचा. लक्ष्मीबाईंना तोच निर्णय दररोज पहाटे उठून पुन्हा घ्यावा लागायचा. त्यांनी पोरांना जवळ केलं, आजारी पोरांची उस्तवार केली, आणि धान्य संपलं की एकेक दागिना मोडला. पाटल्या गेल्या, गोठ गेले, माहेरचं सगळं सोनं हळूहळू बोर्डिंगच्या पोटात गेलं.

एकदा भाऊराव बाहेरगावी होते. बोर्डिंगमध्ये दाणा नाही, पोरं उपाशी. आता अंगावर फक्त मंगळसूत्र उरलेलं. त्या काळी सवाष्ण बाईने मंगळसूत्र काढणं म्हणजे काय होतं, हे आजही आपल्या आयांना विचारलं तर कळेल. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिलं आणि धान्य आणवलं.

ही गोष्ट शाळेत त्यागाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण ती ऐकताना एक गोष्ट खटकायला पाहिजे. नवरा तत्त्वासाठी नोकरी सोडू शकला, कारण घरात कुणीतरी सोनं मोडत होतं. रयतचा इतिहास लिहिताना पहिल्या देणगीदारांच्या यादीत सगळ्यात वर लक्ष्मीबाईंचं नाव पाहिजे. ३० मार्च १९३० ला त्या गेल्या. संस्थेचं झाड मोठं झालेलं त्यांनी बघितलं नाही. भाऊराव त्यानंतर २९ वर्षं जगले, पुन्हा संसार थाटला नाही.

लक्ष्मीबाई असतानाच, २५ फेब्रुवारी १९२७ ला, महात्मा गांधी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये येऊन गेले होते. त्यांच्याच हस्ते बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतायत, जेवतायत, आणि हे कुठल्याही सक्तीशिवाय अंगवळणी पडलंय, हे बघून गांधीजी खूश झाले. साबरमतीत आपल्याला हे इतकं साधलं नाही, अशी कबुलीही त्यांनी दिल्याचं सांगतात. पुढं हरिजन सेवक संघाकडून वर्षाला ५०० रुपयांची मदत सुरू झाली. भाऊरावांनी खादी कधीच धरली होती, आता गांधींवरची निष्ठा पक्की झाली. १९३२ मध्ये पुणे करार झाला तेव्हा त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. करार कागदावर झाला होता, यांनी लगेच पोरं एका खोलीत राहायला आणली.

यानंतर गाडी सुसाट सुटली. १९३५ मध्ये शिक्षक घडवायला साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज. मग डोंगरकपारीतल्या, सरकार जिथं पोचत नव्हतं अशा गावांत व्हॉलंटरी शाळा, त्यांचा आकडा ५७८ वर गेला. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, जिथं पोरांनी राबायचं आणि फुकट शिकायचं. कमवा आणि शिका हे शब्द आज कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडतात, तेव्हा त्याचा अर्थ हातात फावडं असा होता. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. या कॉलेजच्या नावाच्या जागी आपलं नाव लावा म्हणून मोठी देणगी घेऊन एक जण आला होता. कॉलेज नवं, पैशाची चणचण, पण भाऊरावांनी त्याला परत पाठवलं. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

स्वभाव मात्र शेवटपर्यंत तोच. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारवर त्यांनी तोंडसुख घेतलं आणि सरकारने रयतचं अनुदान थांबवलं. शेकडो शाळा, हजारो पोरं, आणि पैसा बंद. मवाळ माणूस मुंबईला जाऊन दिलगिरी व्यक्त करून आला असता. भाऊराव लोकांत गेले. ज्यांच्या घरातली मूठ बोर्डिंगला जात होती ती माणसं पुन्हा उभी राहिली, संस्था तगली आणि पुढं अनुदानही सुरू झालं. त्याआधी गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला होता, तो या ओढाताणीतही सुरूच राहिला.

यात एक गंमत आहे. ज्या कूपरांशी भाऊरावांचं फाटलं ते १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे. त्यांचं सरकार साडेतीन महिने टिकलं. त्यांच्यानंतर आले खेर, ज्यांनी पुढं अनुदान तोडलं. आणि खेरांच्या त्या पहिल्या सरकारात अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. भाऊरावांच्या आयुष्यातली तीन माणसं एका पाठोपाठ एक सत्तेत बसली. स्वतः भाऊराव त्या वाटेला गेले नाहीत.

१९५९ उजाडलं तेव्हा तब्येत ढासळली होती. केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. दिली, इंग्रजी सहावीच्या पुढं न गेलेल्या माणसाला. महिन्याभरातच, ९ मे १९५९ ला, पुण्याच्या ससून रुग्णालयात ते गेले. मागे ३८ वसतिगृहं होती, शंभरावर हायस्कुलं होती, तीन कॉलेजं होती. समाधी साताऱ्यात आहे. दरवर्षी २२ सप्टेंबर आणि ९ मे ला तिथं रयतची माणसं येतात, त्यात पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेले जुने बोर्डर असतात, आणि दुपारच्या जेवणाला जिथं जागा मिळेल तिथं बसतात.